‘आम्ही जाऊन आलो आहोत!’

दिवाळीच्या फराळात हल्ली एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. चिवडा, चकली, अनारसे यांचा समाचार घेऊन झाला, की यजमान खिशातून फोन काढतात आणि मे महिन्यात केलेल्या परदेशच्या सफरीची छायाचित्रे दाखवू लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने पदरचे पैसे मोजून समुद्र ओलांडला त्याने चार फोटोही दाखवू नयेत, असे म्हणण्याइतका मी अरसिक नाही. तक्रार आहे ती पुढे येणाऱ्या एका वाक्याबद्दल. पाहुण्यांपैकी कोणीतरी भाबडेपणाने विचारतो, “काय हो, त्या देशात म्हणे फार धरपकड चालली आहे? पेपरात वाचलं.” यजमान हातातली चकली हवेत फिरवून म्हणतात, “छे हो! पेपरवाले काय, वाट्टेल ते छापतात. आम्ही जाऊन आलो आहोत! रस्ते आरशासारखे, माणसं लाख मोलाची. धरपकड नाही नि काही नाही!” झाले! पाहुणा वरमतो, निमूटपणे चहाचा कप उचलतो, आणि परक्या देशातल्या कोणा अभागी कैद्याची फिर्याद आपल्या दिवाणखान्यात तिथल्या तिथे निकालात निघते.

वाचकहो, या लेखात मला या एका वाक्याशीच भांडायचे आहे. ‘आम्ही जाऊन आलो आहोत’ हे हल्लीचे ब्रह्मास्त्र आहे. ते सुटले की वाचणाऱ्याने शस्त्र खाली ठेवायचे. वर्षानुवर्षे पेपर चाळणारा कारकून, रात्री दिव्याखाली पुस्तक वाचणारी गृहिणी, माझ्यासारखा मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पासपोर्टाचे तोंड न पाहिलेला शाळामास्तर, या सर्वांनी आठ दिवसांच्या सहलवाल्यापुढे मान तुकवायची. का? तर त्याने ‘डोळ्यांनी पाहिले’! माझे म्हणणे असे आहे, की परक्या देशाच्या बाबतीत नुसते डोळ्यांनी पाहणे हा फारच लंगडा पुरावा आहे, आणि तो जेव्हा दुसऱ्याची साक्ष खोडण्यासाठी पुढे केला जातो तेव्हा त्याने मोठा अनर्थ होऊ शकतो. तसा तो झालेलाही आहे.

आधी प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते त्याच्या पदरात टाकू. वर्तमानपत्राला आग दिसते, चूल दिसत नाही. गावात शंभर घरी सुखाने जेवणे झाली ही बातमी होत नाही. एका घराला आग लागली ही होते. त्यामुळे दुरून नुसत्या बातम्या वाचणाऱ्याला तो सगळा गावच जळत असल्यासारखे वाटते. याचा चटका आपण स्वतः घेतला आहे. १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठली. मृत्यू झाले ते पन्नासांच्या घरात. प्रत्येक मृत्यू दुःखदच. पण परदेशच्या पत्रांतून जे चित्र उमटले ते असे, की अवघा हिंदुस्थान मध्ययुगातल्या महामारीत सापडला आहे. कित्येक देशांनी विमाने बंद केली, आपला माल अडवला. त्या दिवसांत एखादा परदेशी प्रवासी मद्रासेत किंवा कलकत्त्यात हिंडून घरी गेला असता आणि ‘मी जाऊन आलो, तिथे लोक नित्याप्रमाणे बाजारहाट करीत आहेत’ असे म्हणाला असता, तर ते खरेच ठरले असते. तेव्हा प्रवासाने बातमीचा अतिरेक उतरतो, हे मला मान्य आहे.

पण अतिरेक उतरवणे वेगळे आणि बातमीच खोटी ठरवणे वेगळे. मद्रासेत हिंडलेल्या त्या प्रवाशाने ‘सुरतेतही प्लेग नाही’ असे सांगितले असते, तर? आमचे फराळवाले यजमान नेमके हेच करीत असतात. राजधानीत हिंडून येतात आणि सरहद्दीवरच्या प्रांतात काही घडले नाही, अशी ग्वाही देतात.

आता यजमानांच्या फोनवरून नजर काढून जरा इतिहासाकडे वळू. ‘आम्ही जाऊन आलो आहोत’ या वाक्याची किंमत काय पडते हे ज्याला पाहायचे असेल त्याने १९३२-३३ सालचे सोव्हिएत युक्रेन पाहावे. जगातल्या अत्यंत सुपीक काळ्या मातीचा हा देश. स्टालिनच्या सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढल्या, धान्याचा कोटा ठरवला, आणि कोटा भरला नाही म्हणून घरातले दाणेसुद्धा झाडून नेले. १९३३ च्या जानेवारीत भुकेलेल्या शेतकऱ्यांना प्रांत सोडून बाहेर पडण्यासही बंदी झाली. अभ्यासकांचे अंदाज निरनिराळे आहेत, पण बहुतेक जण मृतांची संख्या पस्तीस ते पन्नास लाखांच्या दरम्यान धरतात. पाऊस पडला नाही म्हणून हे झाले नाही. हुकूम निघाले म्हणून झाले.

या काळात रशियाला जाऊन येणाऱ्यांची काही वाण नव्हती. १९३१ च्या जुलैत जॉर्ज बर्नार्ड शॉ गेले. एवढा तिखट, एवढा संशयी लेखक. इंग्रज समाजाचे एकेक ढोंग ज्याने टराटरा फाडले तो हा माणूस! मित्रांनी प्रवासासाठी बरोबर दिलेले खाण्याचे डबे आपण सरहद्दीच्या अलीकडेच आगगाडीच्या खिडकीतून फेकून दिले, असे त्यांनी मॉस्कोत सभेत हसत हसत सांगितले. रशियात अन्नाची टंचाई आहे ही वदंता त्यांना हास्यास्पद वाटत होती. त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस मॉस्कोत थाटाने साजरा झाला, स्टालिनची भेट झाली, आणि स्वारी खूश होऊन परतली. पुढे १९३३ च्या मार्चमध्ये, म्हणजे खेड्यांतून माणसे मरत असताना, शॉ आणि आणखी वीस जणांच्या सहीचे एक पत्र ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये छापून आले. दुष्काळाच्या आणि हालांच्या बातम्या ही बदनामी आहे, असा त्याचा सूर. आणि सह्या करणाऱ्यांचा अधिकार कोणता? तर ते नुकतेच रशिया पाहून आलेले होते! फराळाच्या ताटापुढचे वाक्य आणि हे पत्र यांत मला भाषेचाच काय तो फरक दिसतो.

त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरियो युक्रेनमध्ये हिंडून आले. त्यांच्या स्वागतासाठी रस्ते धुतले गेले, दुकानांतून माल मांडला गेला, असे पुढे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. एरियोसाहेबांनी परतल्यावर युक्रेनला बहरलेल्या बागेची उपमा दिली. आता यातली मेख पाहा. त्या वर्षी मॉस्कोतल्या परदेशी वार्ताहरांना युक्रेनमध्ये मोकळेपणाने फिरण्यास मज्जाव होता. म्हणजे ज्याचा धंदाच चौकशी करण्याचा, त्याला दार बंद. आणि जो पाहुणा म्हणून आला, त्याच्यासाठी सतरंज्या अंथरलेल्या. एवढ्यावरून तरी कळायला हवे होते, की सरकारला भीती कोणाची होती आणि खात्री कोणाची.

आणि तरीही एक तरुण तिथे पोचला. त्याचे नाव गॅरेथ जोन्स, वय सत्तावीस. हा वेल्समधला. त्याच्या आईने तरुणपणी युक्रेनमध्ये ह्यूज नावाच्या वेल्श कारखानदाराच्या कुटुंबात मुलांना शिकवले होते. तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींनी त्याला त्या देशाची ओढ लागली आणि तो रशियन भाषा शिकला. मार्च १९३३ मध्ये तो मॉस्कोहून खारकॉव्हच्या गाडीत बसला, वाटेतच उतरला, आणि रुळांच्या कडेकडेने सुमारे चाळीस मैल पायी चालला. पाठीवरच्या पिशवीत खाण्याचे पदार्थ होते. खेड्यामागून खेडे आणि बारा सामुदायिक शेतवाड्या त्याने पाहिल्या. शेतकऱ्यांच्या झोपड्यांत तो झोपला. जिथे तिथे एकच रड: भाकरी नाही, आम्ही मरतो आहोत. आगगाडीच्या डब्यात एका कम्युनिस्टाने त्याच्याशी वाद घातला, की दुष्काळ वगैरे काही नाही. जोन्सने आपल्याजवळच्या पावाचा एक तुकडा थुंकीच्या भांड्यात टाकला. शेजारच्या एका शेतकऱ्याने तो तिथून काढला आणि अधाशासारखा खाल्ला. जोन्सने संत्र्याची साल टाकली. तीही त्याने उचलून खाल्ली. कम्युनिस्ट गप्प बसला.

एकाने गाडीतून अन्न फेकले ते टाळ्या मिळवण्यासाठी. दुसऱ्याने फेकले ते खरे काय ते पाहण्यासाठी. दोघेही प्रवासीच. दोघेही ‘जाऊन आलेले’. मग फरक कशाने पडला? शॉ जोन्सपेक्षा कमी बुद्धीचे होते, असे कोण म्हणेल! फरक पडला तो तीन गोष्टींनी. जोन्सला तिथली भाषा येत होती. शॉंना दुभाष्याखेरीज गत्यंतर नव्हते. जोन्स स्वतःच्या पायांनी चालला. शॉंना हिंडवण्यात आले. आणि जोन्सने त्या देशाचे मीठ खाल्ले ते भुकेल्यांच्या झोपडीत. शॉंनी खाल्ले ते मेजवानीत.

या तीन गोष्टींच्या कसोटीला आजचा सहलवाला लावून पाहा. सकाळी आठला गाडी हॉटेलाच्या दारात. गाडीत निशाण घेतलेला मार्गदर्शक. अकरा वाजता राजवाडा, एक वाजता ‘इंडियन जेवण’, आणि कंपनी मराठी असेल तर रात्री श्रीखंड-पुरीसुद्धा. बाराव्या दिवशी तिथल्या भाषेतले ‘धन्यवाद’ एवढे एकच अक्षर घेऊन मंडळी घरी. मौज म्हणून हे सगळे झकास आहे. ज्यांनी आयुष्यभर काटकसर केली त्यांनी उतारवयात बर्फ पाहावा, बोटीत बसावे, नातवंडांसाठी चॉकलेटे आणावी. त्यांचे पाय मी कशाला ओढू? पण त्या बर्फाच्या जोरावर त्यांनी त्या देशातल्या न्यायालयांविषयी, तुरुंगांविषयी आणि निवडणुकांविषयी निवाडा द्यावा, हे मात्र मला मंजूर नाही.

“पण तिथली माणसं किती प्रेमळ!” हे यजमानांचे हुकमाचे पान. अहो, माणसे असतीलच प्रेमळ! माणसे बहुतेक देशांत प्रेमळच असतात. वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणे, परक्याला चहा पाजणे, हे कोणत्याही सरकारने काढलेले फर्मान नव्हे. ते त्या माणसांचे स्वतःचे धन आहे. ते धन उचलून सरकारच्या खात्यावर जमा करण्याचा अधिकार प्रवाशाला कोणी दिला? ज्या टॅक्सीवाल्याने तुम्हांला हसून फळे दिली त्याचा भाऊ कदाचित दोन वर्षे बेपत्ता असेल. तो ते तुम्हांला सांगणार आहे थोडाच! तुम्ही परवा विमानात बसाल. त्याला तिथेच राहायचे आहे. माणसांचा चांगुलपणा हा राज्यकारभाराच्या चांगुलपणाचा दाखला नव्हे. बातमी कारभाराची असते आणि तुम्ही पुरावा देता शेजारधर्माचा. हे म्हणजे सावकाराच्या जुलमाची फिर्याद चालली असता त्याच्या कुळांच्या पाहुणचाराची तारीफ करण्यासारखे झाले.

कादंबऱ्या लिहिताना अंगवळणी पडलेली एक युक्ती इथे उघड करतो. कादंबरीत एखादे गाव खरे वाटवायचे असेल तर सगळे गाव रंगवावे लागत नाही. एकच तपशील खरा आणि नेमका द्यायचा: विहिरीच्या रहाटाची कुरकुर, देवळाच्या पायरीवरचा तुटका चिरा. तो पटला की वाचक उरलेले दहा तपशील डोळे मिटून स्वीकारतो. प्रवाशाच्या बोलण्यात नेमकी हीच जादू असते. ‘त्यांच्याकडे चहा असा पेल्यात देतात, साखरेचा खडा दातांत धरतात’ हे तो सांगतो, ते खरे असते, रंगतदार असते. आणि त्याच दमात ‘तिथे काही जुलूम नाही’ हेही आपल्या गळी उतरते. चहाचा पेला त्याने पाहिला आहे. जुलूम नाही, हे त्याने कुठे पाहिले? नसलेली गोष्ट कोणाला दिसत नसते. ती फक्त न दिसलेली असते.

आणि हा दोष केवळ गोड पाहणाऱ्यांचाच आहे, असे समजू नका. कडू पाहणारेही डोळ्यांच्याच जोरावर बोलतात. कॅथरीन मेयो ही अमेरिकन बाई १९२५-२६ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आली, काही महिने हिंडली, आणि १९२७ मध्ये तिने ‘मदर इंडिया’ हे पुस्तक लिहिले. बालविवाह, सूतिकागृहांतील घाण, अस्पृश्यता, जे जे ओंगळ ते ते तिने वेचले. आणि निष्कर्ष काढला तो असा, की हे लोक स्वराज्याला नालायक. गांधीजींनी त्या पुस्तकाची संभावना गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाचा अहवाल अशा शब्दांत केली. तिने पाहिलेल्या पुष्कळ गोष्टी खऱ्या होत्या, हे आपले दुर्दैव. आपल्याच सुधारकांनी त्यांविरुद्ध जन्म वेचले होते. पण त्या सुधारकांची गणती तिने धड केली नाही. तिला ब्रिटिश अधिकाऱ्यांची मदत होती, हे पुढे कागदपत्रांतून उघडकीला आले. तीही ‘जाऊन आलेली’च होती! त्या वेळी आपल्याला किती संताप आला! मग आज आपल्या मंडळींनी दुसऱ्याच्या देशाविषयी आठ दिवसांत निकाल दिला, तर तिथल्या लोकांना काय वाटत असेल, याचा विचार नको?

“म्हणजे तुमच्या मते पेपरात येते ते सगळे खरे?” असा प्रश्न आता येणार. नव्हे, मुळीच नव्हे. वर सांगितलेल्या युक्रेनच्या कथेतला सर्वांत मोठा खलपुरुष प्रवासी नव्हता, वार्ताहरच होता. वॉल्टर ड्युरांटी हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतला वजनदार प्रतिनिधी. १९३२ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालेले. गॅरेथ जोन्सने २९ मार्च १९३३ रोजी बर्लिनमध्ये आपली हकीकत जाहीर केली, आणि दोनच दिवसांनी ड्युरांटीने आपल्या पत्रातून ती उडवून लावली. लोक भुकेले आहेत पण उपासमार नाही, असा शब्दच्छल त्याने केला. त्याच वर्षी खाजगीत मात्र त्याने ब्रिटिश वकिलातीत सांगितले, की अन्नावाचून एक कोटी माणसे मेली असावीत! माणसाच्या जिभेला दोन टोके कशी असतात, याचा हा मासला. २००३ मध्ये ते पारितोषिक काढून घ्यावे, अशी मागणी पुन्हा झाली. मंडळाने ती मानली नाही.

तेव्हा वर्तमानपत्रही खोटे बोलू शकते. मग त्याची बाजू मी का घेतो? कारण एकच. वर्तमानपत्राचे खोटे धरता येते. त्यावर तारीख असते, गावाचे नाव असते, लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. ड्युरांटीने जोन्सला खोटे पाडले. जोन्सने उत्तर लिहिले. आणि ते उत्तर त्याच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला १३ मे १९३३ च्या अंकात छापावे लागले. उत्तरात त्याने पुरावे मांडले: मी अमुक शेतकऱ्यांशी बोललो, वकिलातींतल्या माणसांना भेटलो, रशियातल्या जर्मन वसाहतवाल्यांनी स्वदेशी धाडलेली पत्रे वाचली. आज ऐंशी-नव्वद वर्षांनी आपण दोघांचे शब्द शेजारी शेजारी ठेवून निवाडा करू शकतो. फराळाच्या ताटापुढे उडवलेल्या वाक्याचा निवाडा कोण करणार? ‘माझा अनुभव’ म्हटले की संपले. त्याची उलटतपासणी केली तर यजमानांचा अपमान होतो. ज्या साक्षीची उलटतपासणीच होऊ शकत नाही ती कोणत्या न्यायालयात चालते?

आणि वर्तमानपत्राने लाज राखल्याचीही उदाहरणे आहेत. त्यांतले एक तर आपल्याच देशातले. १९४३ साली बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसे दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत मेली. ‘दुष्काळ’ हा शब्द सरकारला नको होता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्या दिवसांत बंगालात पाऊल टाकले नाही. अशा वेळी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, जे पत्र इंग्रजांचेच आणि ज्याचे संपादक इयन स्टीफन्स हेही इंग्रजच, २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावर मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली. त्या छायाचित्रांनी लंडनपर्यंत खळबळ उडाली. इंग्लंडला हिंदुस्थान हा सात समुद्रांपलीकडचा परका मुलूख. तिथल्या माणसाला बंगालचे मरण समजले ते छापलेल्या कागदामुळे. कलकत्त्याच्या बड्या हॉटेलात उतरून गेलेल्या साहेबलोकांची मात्र त्या काळातही कमतरता नव्हती.

तर मग प्रवास करूच नये काय? अवश्य करावा. पण तो कसा करावा, हे पाहण्यासाठी आपल्याला विलायती उदाहरण शोधायला नको. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८८ पर्यंत तिथे राहिल्या. इंग्रजी त्यांना अवगत होते. व्याख्याने देत त्यांनी शेकडो कोसांचा आगगाडीचा प्रवास केला, बालशिक्षणाच्या नव्या पद्धतीचा अभ्यास केला, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. नावच पाहा! लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. अमेरिकेने त्यांचे भरघोस स्वागत केले होते, त्यांच्या शाळेसाठी पैसा उभा करून दिला होता. तरीही तिथल्या मूळच्या रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय आणि काळ्या लोकांची गुलामगिरी यांविषयी लिहायला त्यांची लेखणी कचरली नाही. यजमानाचे आभार मानावेत आणि यजमानाच्या घरातले सत्यही सांगावे, हा खऱ्या प्रवाशाचा धर्म. देशाटनाने चातुर्य येते, ही आर्या आपण सर्वांनी शाळेत घोकली. पण ती सांगताना आपण निम्मीच सांगतो. तिथे देशाटन एकटे बसलेले नाही. त्याच्या पंक्तीला विद्वानांची मैत्री आहे, सभेतला वावर आहे आणि ग्रंथांचे वाचन आहे. वाचन वजा करून नुसत्या हिंडण्याने शहाणपण येते, असे कोणीही सांगितलेले नाही.

हे सारे जुने दाखले देण्याचे कारण, की दुखणे जुने नाही. पुष्कळ देशांत आज वार्ताहराला निराळा परवाना लागतो, आपल्याकडेही लागतो. तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. पर्यटकाला मात्र तेच सरकार हारतुरे घेऊन उभे. २०२० मध्ये सरहद्दी बंद होईपर्यंत उत्तर कोरियात परदेशी पर्यटक जात असत. सरकारी मार्गदर्शकांशिवाय त्यांना एकट्याने हिंडता येत नसे. तिथून आलेल्यांनी घेतलेली रुंद रस्त्यांची आणि गणवेशातल्या हसऱ्या मुलांची चित्रे जगभर फिरली. हल्ली तर फोनवर चित्रफिती करणारी मंडळी निघाली आहेत. त्यांतल्या काहींना परदेशची सरकारे खर्चाने बोलावतात. एरियोसाहेबांच्या वेळी एका माणसासाठी एक शहर धुवावे लागले. आता धुतलेली एक गल्ली लाखो लोकांना दाखवता येते. माझ्या वर्गातली मुले परक्या देशांविषयी जे बोलतात त्यातले निम्मे या चित्रफितींतून आलेले असते, आणि ‘सर, आम्ही प्रत्यक्ष बघितलं’ असे ती ठासून सांगतात. बारा-तेरा वर्षांच्या पोराने असे म्हणावे, यात त्याचा दोष नाही. त्याच्यासमोर मोठ्यांनी तोच पायंडा पाडला आहे.

म्हणून वाचकहो, फराळाच्या बैठकीत ते वाक्य पुन्हा ऐकू आले तर भांडण करू नका. दिवाळीचे दिवस आहेत. फक्त चार प्रश्न गोड बोलून विचारा. किती दिवस राहिलात? लोकांशी कोणत्या भाषेत बोललात? जे पाहिलेत ते तुम्ही शोधलेत की तुम्हांला दाखवले? आणि ज्यांच्याविषयी बातमी होती त्यांच्यापैकी कोणाची गाठ पडली का? हेच चार प्रश्न सकाळी पेपर उघडाल तेव्हा बातमीलाही विचारा: वार्ताहर तिथे होता की राजधानीत बसून लिहितो आहे, त्याला भाषा येते का, त्याला कोणी नेले, तो कोणाशी बोलला? पुष्कळ बातम्या या परीक्षेत नापास होतील. त्यांचे मला सोयरसुतक नाही. पण नापास प्रवाशाने पास झालेल्या बातमीला खोटे ठरवावे, हे आपण आपल्या घरात तरी चालू देऊ नये.

गॅरेथ जोन्सला रशियाने पुन्हा पाऊल ठेवू दिले नाही. तो पूर्वेकडे वळला, आणि ऑगस्ट १९३५ मध्ये इनर मंगोलियाच्या बाजूला लुटारूंनी त्याला ठार केले. तिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला होता. त्याने लिहिले ते खरे होते, आणि त्या वेळी पुष्कळांनी ते मानले नाही. कारण पुष्कळ प्रतिष्ठित माणसे तिथे जाऊन आलेली होती. खेड्यांत मरणाऱ्यांना स्वतः सांगायला येणे शक्य नव्हते. त्यांच्या वतीने बोलणारा एक होता आणि त्याला खोटे पाडणारे वीस. अशा वेळी दूर देशी घरात बसून पेपर वाचणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवला, याला फार मोल होते. आजही आहे. ज्याने पासपोर्ट काढला नाही त्यानेही ते मोल ओळखून वाचावे, आणि चार उत्तरे मिळाल्याखेरीज त्या एका वाक्यापुढे मान तुकवू नये.